प्रतिजैविके निकामी करणारी विकरे : दोष वापराचा की प्रसाराचा?

जिवाणूंची काही विकरे, म्हणजेच एन्झाइम, प्रतिजैविक औषधांना निकामी करतात. त्यांच्या कामाच्या तीन प्रमुख पद्धती आहेत. पहिल्या पद्धतीत विकर औषधाचा रेणूच फोडते. पेनिसिलिन आणि त्याच्या गोतावळ्यातील औषधे फोडणारी बीटा-लॅक्टमेज विकरे या गटातली. दुसऱ्या पद्धतीत औषधाच्या रेणूला एखादा रासायनिक गट चिकटवला जातो आणि मग तो रेणू आपल्या लक्ष्यावर बसेनासा होतो. स्ट्रेप्टोमायसिन, जेंटामायसिन, अमिकासिन, क्लोरॅम्फेनिकॉल यांच्याबाबत असे घडते. तिसऱ्या पद्धतीत औषधाला हात न लावता जिवाणूमधले लक्ष्यच बदलले जाते. एरिथ्रोमायसिनपासून रायबोसोमचा बचाव करणारे एर्म विकर आणि कोलिस्टिनपासून जिवाणूच्या बाह्य आवरणाचा बचाव करणारे एमसीआर-१ ही त्याची उदाहरणे होत.

या सर्वांत बीटा-लॅक्टमेज विकरांना सर्वाधिक महत्त्व आहे, कारण जगात सर्वांत जास्त वापरली जाणारी प्रतिजैविके बीटा-लॅक्टम वर्गातली आहेत : पेनिसिलिन, सेफॅलोस्पोरिन, कार्बापेनेम आणि मोनोबॅक्टम. या औषधांच्या रेणूत चार अणूंचे एक ताणलेले कडे असते. जिवाणू ज्या विकरांच्या साह्याने आपली भित्तिका विणतो, ती विकरे या कड्याशी जोडली जातात आणि तिथेच अडकून पडतात. भित्तिका अपुरी राहते आणि जिवाणू फुटतो. बीटा-लॅक्टमेजही याच कड्यावर काम करते, मात्र ते पाण्याच्या रेणूच्या मदतीने कडे फोडून लगेच मोकळे होते आणि पुढच्या रेणूकडे वळते. टीईएम-१ या विकराचा एक रेणू एका सेकंदात पेनिसिलिनचे हजाराच्या घरात रेणू फोडू शकतो.

१९८० मध्ये अँब्लर यांनी या विकरांची वर्गवारी सुचवली आणि ती आजही वापरली जाते. अ, क आणि ड या वर्गांतील विकरांच्या क्रियास्थानी सेरीन हे अमिनो आम्ल असते. ब वर्गातील विकरांना काम करण्यासाठी जस्ताचा अणू लागतो. एनडीएम-१ हे विकर ब वर्गातले आहे. कोणत्या विकरापुढे कोणते औषध टिकेल, हे बऱ्याच अंशी या फरकावर ठरते.

ही विकरे एवढी का फोफावली, याविषयी अभ्यासकांत दोन मते आहेत. एका मतानुसार औषधांचा अतिरेकी वापर हे मूळ कारण आहे. दुसऱ्या मतानुसार वापर सर्वत्र होतो, पण सांडपाणी, अस्वच्छ हात आणि दाटीची रुग्णालये यांतून प्रतिरोधी जिवाणू जिथे पसरतात तिथेच प्रश्न गंभीर होतो. सातारा आणि सांगली हे जिल्हे या वादाच्या तपासणीला सोयीचे आहेत. मिरजेत डॉ. विल्यम वानलेस यांनी १८९४ मध्ये रुग्णालय सुरू केले, १९६२ मध्ये शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आले, आणि उत्तर कर्नाटकापर्यंतचे रुग्ण तिथे येतात. कऱ्हाडला कृष्णा वैद्यकीय महाविद्यालय आहे. भिलवडी ते फलटण दुधाचा मोठा पट्टा आहे. आटपाडी, जत, माण आणि खटाव या कमी पावसाच्या तालुक्यांत डाळिंबाच्या बागा आहेत. महाबळेश्वरला उगम पावणारी कृष्णा वाई, कऱ्हाड आणि सांगली या गावांना एकाच प्रवाहाने जोडते. पुढील मांडणीत वापराला दोष देणारे मत पूर्वपक्ष म्हणून आणि प्रसाराला दोष देणारे मत उत्तरपक्ष म्हणून दिले आहे.

विकरांचा उगम

पूर्वपक्ष : औषध आले आणि पाठोपाठ प्रतिरोध आला, हाच क्रम इतिहासात पुन्हा पुन्हा दिसतो. लंडनच्या हॅमरस्मिथ रुग्णालयात मेरी बार्बर यांनी पू निर्माण करणाऱ्या स्टॅफिलोकॉकस जिवाणूंची तपासणी केली. १९४६ मध्ये त्यांपैकी सुमारे १४ टक्के पेनिसिलिनला दाद देत नव्हते. दोनच वर्षांत हे प्रमाण निम्म्याहून अधिक झाले. हे जिवाणू पेनिसिलिनेज हे विकर तयार करत होते. पेनिसिलिनचा वापर वाढला नसता तर एवढ्या थोड्या काळात हा बदल झाला नसता. अलेक्झांडर फ्लेमिंग यांनी १९४५ च्या नोबेल व्याख्यानात अपुऱ्या मात्रेच्या धोक्याबद्दल दिलेला इशारा याच दिशेचा होता.

उत्तरपक्ष : मुळात औषध नंतर आले आणि विकर आधीपासून होते. अब्राहम आणि चेन यांनी पेनिसिलिन नष्ट करणाऱ्या जिवाणू-विकराचा शोध १९४० मध्ये प्रसिद्ध केला. पेनिसिलिनने रुग्णांवर पद्धतशीर उपचार त्यानंतर, १९४१ मध्ये सुरू झाले. कॅनडातील युकॉन प्रांतात सुमारे ३०,००० वर्षे गोठलेल्या मातीतही बीटा-लॅक्टमेजची जनुके मिळाली असून तो अभ्यास २०११ मध्ये प्रसिद्ध झाला. बुरशी आणि जिवाणू मातीत अनादी काळापासून एकमेकांवर ही रसायने सोडत आले आहेत. शिवाय बार्बर यांच्याच निरीक्षणाचा दुसरा अर्धा भाग विसरता येत नाही. एकेका रुग्णाच्या शरीरात जिवाणू नव्याने प्रतिरोधी होत नव्हते, तर आधीच प्रतिरोधी असलेले वाण रुग्णालयात एका खाटेवरून दुसऱ्या खाटेवर जात होते.

पूर्वपक्ष : विकर जुने आहे, हे मान्य. पण मातीत विखुरलेले एखादे जनुक आणि माणसाच्या आतड्यात कोट्यवधी प्रतींनी नांदणारे जनुक यांत अंतर आहे, आणि ते अंतर औषधाने कापले. औषधाविना प्रतिरोधी जिवाणूला काही खास फायदा नसतो, उलट विकर बनवण्याचा खर्च सोसावा लागतो. औषध दिले की संवेदनशील जिवाणू मरतात आणि मोकळ्या झालेल्या जागेत प्रतिरोधी वाढतो, म्हणजे त्याची निवड होते. हॅमरस्मिथचा वाण पसरला, कारण त्याच्या प्रतिस्पर्ध्यांना पेनिसिलिन मारत होते.

उत्तरपक्ष : तरीही तो एका रुग्णाकडून दुसऱ्याकडे गेला नसता, तर त्या एका रुग्णापुरताच राहिला असता. प्रसार आणखी एका पातळीवर होतो, तो म्हणजे जनुकांचा. १९५० च्या दशकात जपानमध्ये आमांशाच्या जिवाणूंत एकाच वेळी अनेक औषधांविरुद्ध प्रतिरोध आढळला आणि तो एका जिवाणूकडून दुसऱ्याकडे जातो, हे १९५९ मध्ये सिद्ध झाले. वाहक होते प्लास्मिड, म्हणजे गुणसूत्राबाहेरील डीएनएचे छोटे वर्तुळ. प्लास्मिड एका जातीच्या जिवाणूतून दुसऱ्या जातीत जाते. त्यामुळे कोणत्या रुग्णाला कोणते औषध दिले, यापेक्षा कोणते प्लास्मिड कुठून कुठे गेले, हा हिशेब मोठा ठरतो.

भारतातील अनुभव

सेफोटॅक्सिम आणि सेफ्ट्रिआक्सोन ही तिसऱ्या पिढीची सेफॅलोस्पोरिन औषधे १९८० च्या दशकात रूढ झाली. त्यांना फोडणाऱ्या विकरांना विस्तारित पल्ल्याची बीटा-लॅक्टमेज, संक्षेपाने ईएसबीएल, म्हणतात. यांतील जगभर पसरलेले सीटीएक्स-एम-१५ प्रथम १९९९ मध्ये नवी दिल्लीतील रुग्णालयातून घेतलेल्या जिवाणूंत ओळखले गेले. या कुळाची जनुके मूळची क्लुव्हेरा या पर्यावरणातील निरुपद्रवी जिवाणूच्या गुणसूत्रावरची. तेथून ती प्लास्मिडवर चढली. ईएसबीएलमुळे डॉक्टरांना कार्बापेनेमकडे वळावे लागले आणि त्यानंतर एनडीएम-१ चे नाव पुढे आले.

एनडीएम-१ चे पहिले वर्णन २००९ मध्ये झाले. नवी दिल्लीत रुग्णालयात राहून आलेल्या, स्वीडनमधील एका भारतीय वंशाच्या रुग्णाच्या क्लेब्सिएला जिवाणूत ते मिळाले. महाराष्ट्रातील नोंद त्यानंतर लगेच झाली. मुंबईच्या हिंदुजा रुग्णालयात ऑगस्ट ते नोव्हेंबर २००९ या काळात कार्बापेनेमला न जुमानणारे २४ आंत्रजिवाणू सापडले आणि त्यांतल्या २२ मध्ये एनडीएम-१ होते. हा लेख मार्च २०१० मध्ये भारतीय फिजिशियन संघटनेच्या नियतकालिकात आला. पुढे २००६-०७ मध्ये भारतीय रुग्णालयांतून जमवून ठेवलेले जिवाणू तपासले असता मुंबई आणि पुणे येथील नमुन्यांतही हे जनुक आढळले. म्हणजे नामकरणाआधीच ते महाराष्ट्रात होते.

पूर्वपक्ष : या घटनाक्रमात औषधांचा वापर आणि विकरे यांची पावले जोडीने पडतात. सेफॅलोस्पोरिन वाढले तेव्हा ईएसबीएल वाढली, कार्बापेनेम वाढले तेव्हा एनडीएम वाढले. २००० ते २०१५ या काळात जगातील प्रतिजैविकांचा वापर ६५ टक्क्यांनी वाढला आणि त्यात भारताचा वाटा मोठा होता. भारतीय वैद्यक संशोधन परिषदेच्या देखरेख जाळ्यात ई. कोलाय जिवाणूंची इमिपेनेम या कार्बापेनेमला दाद देण्याची टक्केवारी २०१६ मध्ये सुमारे ८६ होती आणि २०२१ मध्ये सुमारे ६४ वर उतरली. तालुक्याच्या गावी सर्दीतापालाही प्रतिजैविक लिहिले जाते आणि औषधाच्या दुकानात चिठ्ठीशिवाय दोन दिवसांच्या गोळ्या मिळतात. सर्दी विषाणूंमुळे होते, तिच्यावर प्रतिजैविकाचा उपयोग नाही. आतड्यातील जिवाणूंची निवड मात्र होते.

उत्तरपक्ष : वापर एवढेच कारण असते तर सर्वाधिक औषधे घेणाऱ्या देशांत सर्वाधिक प्रतिरोध दिसला असता. पीटर कॉलिन्यन आणि सहकाऱ्यांनी २०१८ मध्ये शंभराहून अधिक देशांची आकडेवारी तपासली. प्रतिरोधाचे प्रमाण औषधांच्या खपापेक्षा पायाभूत सुविधा आणि कारभाराच्या दर्जाशी अधिक जुळले. सुविधा चांगल्या तिथे प्रतिरोध कमी. लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकाच्या २०१० मधील अभ्यासात ब्रिटनमधील २९ एनडीएम-रुग्णांपैकी १७ जणांनी आधीच्या वर्षात भारत किंवा पाकिस्तानचा प्रवास केला होता. विकर प्रवास करते आणि जिथे पोहोचते तिथली सांडपाण्याची व रुग्णालयाची व्यवस्था त्याला रोखते किंवा मोकाट सोडते.

पूर्वपक्ष : देशांच्या सरासऱ्यांतून वापराचा परिणाम वजा होत नाही. एखाद्या देशातील सरासरी खप कमी असू शकतो आणि तरी त्याच देशात चुकीचे औषध चुकीच्या आजारावर मोठ्या प्रमाणात दिले जात असू शकते. गरिबाला गरजेचे औषध मिळत नाही आणि शेजारी गरज नसताना दिले जाते, ही दोन्ही चित्रे एकाच तालुक्यात दिसतात. सरासरी त्यांची बेरीज करते.

गोठा

संकरित गाईंमध्ये कासदाह हा नेहमीचा आजार आहे. पश्चिम महाराष्ट्रात त्याला दगडी म्हणतात, कारण सुजलेली कास दगडासारखी घट्ट लागते. उपचारात सडात प्रतिजैविकाची ट्यूब सोडतात आणि इंजेक्शने देतात. त्यांत सेफ्ट्रिआक्सोनही असते, जे माणसांच्या अतिदक्षता विभागात वापरले जाते.

पूर्वपक्ष : निवडीचा दाब कसा तयार होतो, हे गोठ्यात स्पष्ट दिसते. औषध गाईच्या शरीरातून दुधात आणि शेणमुतात उतरते. औषधाचा अंश असलेल्या दुधाला विरजण नीट लागत नाही, कारण विरजणाचे जिवाणूही मरतात. २०१२ पासूनच्या नियमानुसार पशुऔषधाच्या वेष्टनावर प्रतीक्षाकाल लिहावा लागतो आणि तो ठरलेला नसेल तर दुधासाठी किमान सात दिवस धरावा लागतो. संकलन केंद्रावर रोजचे दूध घालणाऱ्या शेतकऱ्याला सात दिवसांचे दूध बाजूला काढणे जड जाते. भारतात कासदाहाच्या दुधातून ईएसबीएल बाळगणारे ई. कोलाय सापडले आहेत. कोलिस्टिनच्या बाबतीत धोका इतका उघड झाला की जुलै २०१९ मध्ये केंद्र सरकारने अन्नासाठी पाळलेल्या प्राण्यांमध्ये ते वापरण्यावर बंदी घातली. एमसीआर-१ विकराचा शोध चीनमध्ये डुकरांच्या अभ्यासातून २०१५ मध्ये लागला होता.

उत्तरपक्ष : दगडी औषधाअभावी होत नाही, घाणीने होते. ओला गोठा, न धुतलेले हात, एकीची धार काढून तसेच दुसरीला लावलेले यंत्र यांतून जिवाणू सडात शिरतात. धारेआधी सड धुऊन कोरडे करणे, धारेनंतर ते आयोडीनच्या द्रावणात बुडवणे आणि आजारी गाईची धार शेवटी काढणे, एवढ्याने आजार कमी होतो. आजार कमी झाला की औषध आपोआप कमी लागते. बंदी किंवा प्रतीक्षाकाल हे मागून घातलेले कुंपण आहे.

पूर्वपक्ष : गोठ्याच्या बाबतीत दोन्ही मते एकाच उपायावर येतात, हे खरे. मात्र कासदाह झालेल्या गाईवर उपचार करणाऱ्याने सेफ्ट्रिआक्सोन आधी उचलायचे की साधे पेनिसिलिन-क्लॉक्सासिलिन, हा प्रश्न स्वच्छतेने सुटत नाही. त्यासाठी दुधाची तपासणी लागते. सातारा जिल्ह्यात शिरवळला पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे. अशा संस्थांच्या प्रयोगशाळा गोठ्यापर्यंत पोहोचणे गरजेचे आहे.

डाळिंबाची बाग

डाळिंबावरील तेल्या हा झँथोमोनास जिवाणूमुळे होणारा रोग आहे. फळावर तेलकट डाग पडतात आणि फळ उलते. त्यावर अनेक वर्षे स्ट्रेप्टोसायक्लिन फवारले गेले. यात नऊ भाग स्ट्रेप्टोमायसिन आणि एक भाग टेट्रासायक्लिन असते. पिंपरीची हिंदुस्तान अँटिबायोटिक्स ही १९५४ मध्ये स्थापन झालेली सरकारी कंपनी याची प्रसिद्ध उत्पादक.

पूर्वपक्ष : येथे दोष निर्विवादपणे वापराचा आहे. स्ट्रेप्टोमायसिनला फॉस्फेट गट चिकटवून निकामी करणारी विकरे, ज्यांची जनुके स्ट्र-ए आणि स्ट्र-बी म्हणून ओळखली जातात, अमेरिकेतील मिशिगनच्या सफरचंदबागांत फवारणीनंतर आढळली. हीच जनुके माणसांच्या आणि जनावरांच्या ई. कोलायमध्येही मिळतात. बागेतली फवारणी पानांवर, मातीत आणि ओघळात एकाच वेळी निवड करते. डिसेंबर २०२१ मध्ये केंद्र सरकारने शेतीतील स्ट्रेप्टोमायसिन आणि टेट्रासायक्लिन थांबवण्यासाठी मसुदा आदेश काढला, तो याच कारणाने.

उत्तरपक्ष : बागेपुरते हे मान्य करावे लागते. माणसांचे सांडपाणी सहसा डाळिंबाच्या बागेत जात नाही आणि तिथे रुग्णालयही नाही, त्यामुळे फवारणी हाच मुख्य घटक राहतो. तरी तेल्यादेखील पसरून येतो. बाधित बागेतील रोपे, पावसाचे शिंतोडे आणि न धुतलेली छाटणीची कात्री त्याला पुढे नेतात. सोलापूरच्या राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्राच्या शिफारशींत निरोगी रोपे, बागेची स्वच्छता आणि बहराची योग्य निवड यांवर भर असतो.

क्षयरोगाचा दाखला

पूर्वपक्ष : अर्धवट उपचाराने प्रतिरोध वाढतो, याचा धडा क्षयरोगाने दिला आहे. सांगली-मिरजेच्या मधल्या वानलेसवाडीतील क्षय-आरोग्यधामाने हा रोग दीर्घकाळ पाहिला. औषध मध्येच सोडणाऱ्या रुग्णांत प्रतिरोधी जंतू उरतात.

उत्तरपक्ष : क्षयजंतूचा दाखला येथे लागू पडत नाही. तो प्लास्मिडची देवाणघेवाण करत नाही. त्याचा प्रतिरोध मुख्यतः स्वतःच्या जनुकांतील बदलांतून येतो. आयसोनियाझिडच्या बाबतीत तर गोष्ट उलटी आहे : जंतूचेच एक विकर त्या औषधाला सक्रिय करते आणि ते विकर बिघडले की औषध चालत नाही. क्षयरोगात ठरलेली मुदत पूर्ण करणे अत्यावश्यक आहे. मूत्रमार्गाच्या किंवा फुप्फुसाच्या साध्या संसर्गात मात्र जास्त दिवस औषध घेतल्याने आतड्यातील इतर जिवाणूंवर जास्त दिवस निवड होते. अशा अनेक आजारांत आता पूर्वीपेक्षा कमी मुदतीचे उपचार पुरेसे मानले जातात. मुदत रुग्णाने नव्हे, डॉक्टरांनी ठरवायची. पण जितकी लांब तितकी सुरक्षित, हा समज चुकीचा आहे.

कृष्णेचे पाणी

सांगलीचा शेरीनाला शहराचे सांडपाणी कृष्णेत नेतो आणि त्यावरून वर्षानुवर्षे वाद चालू आहे. २००५, २०१९ आणि २०२१ च्या पुरांत सांडपाणी, विहिरी आणि वस्त्या एकाच पाण्यात बुडाल्या.

उत्तरपक्ष : नवी दिल्लीतील पाण्याची पाहणी २०११ मध्ये लॅन्सेटच्या संसर्गरोगविषयक नियतकालिकात आली. साचलेल्या आणि झिरपलेल्या पाण्याच्या १७१ पैकी ५१ नमुन्यांत आणि नळाच्या ५० पैकी दोन नमुन्यांत एनडीएम-१ चे जनुक होते. प्लास्मिडची देवाणघेवाण ३० अंश सेल्सिअसला सर्वाधिक झाली, आणि कृष्णाकाठच्या गटारांचे तापमान वर्षातले कित्येक महिने त्याच सुमारास असते. पाकिस्तानातील सिंध प्रांतात २०१६ पासून पसरलेल्या विषमज्वराच्या जंतूने सीटीएक्स-एम-१५ चे प्लास्मिड बाळगले होते आणि त्या साथीचा संबंध सांडपाणी मिसळलेल्या पाण्याशी जोडला गेला. ज्यांनी कधी प्रतिजैविक घेतले नाही, तेही अशा पाण्याने आजारी पडतात. विषमज्वराची लस हा त्यावरचा थेट उपाय आहे. नवी मुंबई महापालिकेने २०१८ मध्ये मुलांसाठी तशी मोहीम राबवली.

पूर्वपक्ष : पाण्यात प्रतिरोधी जिवाणू येतात, कारण ते आधी कोणाच्या तरी आतड्यात निवडले गेलेले असतात. पाण्याने त्यांना वाहून नेले, घडवले नाही. शिवाय पाण्याच्या व्यवस्थेला दशके लागतात, तर चिठ्ठी आजपासून सुधारता येते. औषधविक्रीच्या नियमांतील शेड्यूल एच-१ मार्च २०१४ पासून लागू झाले. तिसऱ्या-चौथ्या पिढीची सेफॅलोस्पोरिन आणि कार्बापेनेम विकताना दुकानदाराला वेगळी नोंदवही ठेवावी लागते आणि ती तीन वर्षे जपावी लागते. नियम आहे, अंमलबजावणी हवी.

वापर थांबवला तर

पूर्वपक्ष : फिनलंडमध्ये १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला एरिथ्रोमायसिन गटाचा वापर जवळजवळ निम्म्यावर आणला गेला. घशाच्या स्ट्रेप्टोकॉकसमधील प्रतिरोध १९९२ मधील १६.५ टक्क्यांवरून १९९६ मध्ये ८.६ टक्क्यांवर उतरला.

उत्तरपक्ष : ब्रिटनमध्ये १९९१ ते १९९९ या काळात सल्फा औषधाच्या चिठ्ठ्या सुमारे ९७ टक्क्यांनी घटल्या. पूर्व लंडनमधील ई. कोलायमध्ये सल्फा-प्रतिरोध ३९.७ टक्क्यांवरून ४६ टक्क्यांवर गेला. कारण सल्फाला न बधणाऱ्या पर्यायी विकराचे जनुक ज्या प्लास्मिडवर होते, त्याच प्लास्मिडवर इतर औषधांविरुद्धची जनुकेही होती. ती औषधे चालू होती, म्हणून सल्फाचे जनुकही टिकले. प्रसार रोखण्याचा परिणाम मात्र इस्रायलमध्ये दिसला. केपीसी हे कार्बापेनेम फोडणारे विकर २००६ पासून तेथील रुग्णालयांत पसरले. मार्च २००७ मध्ये एक लाख रुग्णदिवसांमागे ५५.५ रुग्ण होते. बाधितांना वेगळे ठेवणे, त्यांच्यासाठी वेगळा कर्मचारीवर्ग आणि देशपातळीवर देखरेख या उपायांनी मे २००८ पर्यंत हा आकडा ११.७ वर आला.

पूर्वपक्ष : ब्रिटनच्या उदाहरणातून वापर निर्दोष ठरत नाही. एका औषधाचा वापर थांबवून दुसऱ्यांचा चालू ठेवला तर जोडलेली जनुके एकमेकांना सांभाळतात, एवढेच त्यातून निघते. एनडीएमच्या प्लास्मिडवरही अमिकासिनसारख्या औषधांना निष्प्रभ करणाऱ्या मिथिलेज विकरांची जनुके वारंवार असतात. म्हणून वापर कमी करायचा तर सर्व औषधांचा मिळून करावा लागतो.

निदान आणि औषध

प्रयोगशाळेत जिवाणू वाढवून त्यावर औषधांच्या चकत्या ठेवल्या जातात. रुग्ण आणि डॉक्टर याला कल्चर-सेन्सिटिव्हिटी म्हणतात. अहवालाला दोन ते तीन दिवस लागतात. ईएसबीएल आहे का, हे क्लॅव्ह्युलॅनिक आम्लाच्या जोडीने चकती ठेवून कळते : विकर दबले की औषधाचा परिणाम पुन्हा दिसतो. कार्बापेनेम फोडणारे विकर जस्तावर चालते का, हे जस्त काढून घेणारे ईडीटीए मिसळून पाहतात.

हा तपशील औषधाच्या निवडीत थेट उतरतो. क्लॅव्ह्युलॅनिक आम्ल १९८१ पासून अमॉक्सिसिलिनसोबत बाजारात आहे आणि ते अ वर्गाच्या अनेक विकरांना दाबते, एनडीएमला दाबत नाही. अ‍ॅव्हिबॅक्टम केपीसी आणि ऑक्सा-४८ या कार्बापेनेम फोडणाऱ्या विकरांना दाबते, एनडीएमला नाही. अ‍ॅझट्रिओनाम हे मोनोबॅक्टम एनडीएमकडून फुटत नाही, पण सोबत असलेली ईएसबीएल त्याला फोडते. म्हणून अ‍ॅझट्रिओनाम आणि अ‍ॅव्हिबॅक्टम एकत्र देतात. युरोपने २०२४ मध्ये या जोडीला मान्यता दिली. भारतीय संशोधनातून चेन्नईच्या ऑर्किड कंपनीचे एनमेटाझोबॅक्टम हे विकर दाबणारे औषध आले आणि त्याला अमेरिकेत फेब्रुवारी २०२४ मध्ये परवानगी मिळाली. छत्रपती संभाजीनगरात संशोधन केंद्र असलेल्या वोखार्टने झिडेबॅक्टम विकसित केले. ते भित्तिका विणणाऱ्या दुसऱ्या एका विकरावर घाव घालते, त्यामुळे सेफेपिम या सेफॅलोस्पोरिनच्या जोडीने ते एनडीएमसमोरही परिणाम करते.

उत्तरपक्ष : नवे औषध आले की जुना क्रम पुन्हा सुरू होतो. मिरजेसारख्या केंद्रात दूरवरचे गंभीर रुग्ण आधी दोन-तीन ठिकाणी उपचार घेऊन येतात. दाखल होतानाच त्यांची गुदद्वार-स्वॅबची तपासणी करून एनडीएमवाहक वेगळे ठेवले, हात धुण्याची शिस्त आणि बेसिनच्या निचऱ्याची स्वच्छता पाळली, तर नव्या औषधाची गरजच कमी भासते.

पूर्वपक्ष : आणि तालुक्याच्या डॉक्टरला दोन दिवसांत विश्वासार्ह अहवाल मिळाला, तर कार्बापेनेम सुरू करण्याआधी नायट्रोफ्युरँटॉइनसारख्या साध्या औषधाने मूत्रमार्गाचा संसर्ग बरा होतो का, हे पाहता येते. अहवालाविना डॉक्टर सर्वांत मोठ्या पल्ल्याचे औषध उचलतो आणि निवडीचा दाब वाढतो.

निर्णय

दोन्ही पक्षांच्या पुराव्यांतून प्रतिरोधी विकरांचा भार हा निवड आणि प्रसार यांचा गुणाकार आहे, असे दिसते. कोणताही एक घटक शून्यावर आला तर गुणाकार शून्य होईल; पण प्रत्यक्षात दोहोंपैकी कोणताही घटक शून्य करता येत नाही, म्हणून कुठे कोणता घटक अधिक स्वस्तात कमी होतो, हे पाहावे लागते. उत्तर सर्वत्र एक नाही, कारण प्रत्येक विकराचे घर वेगळे आहे.

डाळिंबाच्या बागेत स्ट्रेप्टोमायसिन फवारणी थांबवणे हा निर्णायक उपाय आहे, म्हणून तिथे पूर्वपक्ष खरा ठरतो. रुग्णालयात एनडीएम आणि ऑक्सा-४८ पसरतात ते हात, उपकरणे आणि निचऱ्यातून. तिथे उत्तरपक्षाचे वजन जास्त. गोठ्यात स्वच्छता आजार टाळते आणि दुधाची तपासणी औषध निवडते, दोन्ही लागतात. वस्तीतील ईएसबीएल दुहेरी आहे : सांडपाणी तिला पसरवते आणि दुकानातली सेफॅलोस्पोरिनची गोळी तिला पुढे ढकलते. क्षयरोगाला यातला कोणताही निष्कर्ष जसाच्या तसा लावता येत नाही, कारण त्याच्या प्रतिरोधाची घडणच निराळी आहे.

विकर कोणते आणि ते कोणत्या मार्गाने आले, एवढे कळले की औषधही ठरते आणि खर्च कुठे करायचा हेही ठरते. सातारा आणि सांगलीसाठी याचा अर्थ तीन कामांत सांगता येतो. तालुका पातळीवर कल्चर तपासणी पोहोचवणे, कृष्णेत जाणारे सांडपाणी शुद्ध करणे, आणि रुग्णालय, गोठा व बाग या तिन्ही ठिकाणच्या जिवाणूंच्या नोंदी एकत्र ठेवणे. या नोंदी एकत्र आल्या तर मिरजेच्या रुग्णातील प्लास्मिड भिलवडीच्या गोठ्यातील प्लास्मिडशी जुळते का, हे तपासता येईल, आणि वापर व प्रसार यांच्यातला वाद अंदाजाऐवजी मोजमापाने सोडवता येईल.